सरांचा बेल्ट मी रंगवून आणला

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, दुसरा रविवार, संध्याकाळी साडेसहा. सरांच्या सन्मानाचा कार्यक्रम. जमलेली वर्गणी अठ्ठावीस हजार चारशे रुपये. हजर माणसं सव्वाशेच्या आसपास, त्यात क्लासची चाळीसेक मुलं. पुढच्या रांगेत सरांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणतो. त्यांच्या शेजारी सरांची थोरली विद्यार्थिनी. मग सोसायटीचे चेअरमन, सेक्रेटरी मॅडम आणि खजिनदार. खजिनदार म्हणजे मी. माईक माझ्याच हातात होता, आणि जे झालं ते त्या माईकवरूनच झालं.

सर म्हणजे आमच्या सिल्व्हर पार्कातल्या सोसायटीत कराटे शिकवणारे सर. आदल्या दिवाळीनंतर आठवड्याभरात ते गेले. कामावर छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दिवसा ते भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. सहाला परत यायचे आणि साडेसहाला आमच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पांढऱ्या कपड्यांत उभे असायचे. आमच्याकडे गुजराती, मारवाडी, मुसलमान, मराठी सगळ्या घरांतली मुलं. ती भांडायची हिंदीत आणि सरांमुळे मोजायची जपानीत.

कराटे हे त्यातलं निम्मं. उरलेला वेळ हा माणूस पोरांच्या सुट्टीचा मालक होता. मे महिन्यात पहाटेच्या बसने पोरांना उत्तनला न्यायचा, ओल्या वाळूत पळवायचा, आणि वाळत घातलेल्या मासळीच्या वासासकट परत आणायचा. शुद्ध शाकाहारी घरांतल्या आया नाक दाबून दार उघडायच्या, पण पुढच्या रविवारी पोराला पुन्हा पाठवायच्या. कॅरमच्या स्पर्धा, मुलींची कबड्डी, गणपतीतली संगीत खुर्ची, सगळीकडे पंच तेच. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू ओल्या पार्किंगमध्ये घसरून मनगट मोडून बसल्या, तेव्हा सरांनी इमारतीतल्या बायकांना आठवडाभर पडायला शिकवलं. साडीचा पदर खोचून आमची सेक्रेटरी चटईवर धपकन पडते आहे आणि सर शेजारी उभे राहून "हात नको टेकू, हात नको" म्हणतायत, हे मी जिन्यातून बघितलं आहे.

नव्या मुलालाही ते पहिले दोन महिने फक्त पडायलाच शिकवायचे. माझी मुलगी सहा वर्षांची असताना क्लासला जायला लागली तेव्हा मी तक्रार घेऊन गेलो होतो.

"सर, फी भरतोय आम्ही, आणि पोरगी रोज पडूनच घरी येतेय."

"रडत येते का?"

"नाही."

"मग चाललंय बरोबर," असं म्हणून ते पुढच्या पोराकडे वळले.

सर गेल्यावर क्लास बंद पडला नाही. राई गावातली त्यांची थोरली विद्यार्थिनी, जिला सगळी मुलं ताई म्हणतात, ती दुसऱ्याच आठवड्यात येऊन उभी राहिली. ती एका लॅबमध्ये रक्त तपासण्याचं काम करते. वय तीसच्या आसपास. वयाच्या नवव्या वर्षापासून सरांकडे. पण काही पालकांना ती शिक्षिका म्हणून पटत नव्हती. सर होते तेव्हा गोष्ट वेगळी होती, ही मुलगी किती दिवस टिकणार, उद्या लग्न होऊन जाईल, असं लिफ्टमध्ये बोललं जायचं. म्हणून वहिनींनी एक गोष्ट ठरवली. सरांच्या सन्मानाचा कार्यक्रम होईल, त्यात त्या सरांचा ब्लॅक बेल्ट सगळ्यांसमोर ताईच्या हातात देतील आणि ती तिथेच बांधेल. मग कोणाला विचारायला जागा राहणार नाही.

"ते नेहमी म्हणायचे, माझ्यानंतर ही," वहिनी मला म्हणाल्या. कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी मी त्यांच्याकडे फोटो न्यायला गेलो होतो. त्यांनी कपाटातून सरांच्या पांढऱ्या कोटात गुंडाळलेला बेल्ट काढला आणि कोट ठेवून बेल्ट तेवढा माझ्याकडे दिला. "फोटोपुढे तबकात ठेवा, भाऊजी. तिथून मी तिला देईन. सांभाळा हं."

मी सांभाळला. माझ्या पद्धतीने.

आमच्या सोसायटीत कार्यक्रम म्हटला की आधी रंग निघतो. झेंडावंदनाला खांब रंगतो, गणपतीला गेट रंगतं, कोणी नगरसेवक येणार असला तरी कुंड्यांना गेरू लागतो. हे सगळं कमी खर्चात करून घेणं हे माझं काम, आणि मी ते चांगलं करतो असं सगळे म्हणतात. सरांच्या कार्यक्रमासाठीही मी आठवडाभर आधी कुंड्यांना गेरू लावून घेतला होता. स्टेजच्या पायऱ्यांना ऑइलपेंट दिला होता.

बेल्ट घरी आणून मी जेवणाच्या टेबलावर पसरला. काळा म्हणायचा म्हणून काळा. कडा पांढऱ्या पडलेल्या. गाठ बसते तिथे वरचं कापड पार झिजून आतलं सुती कापड उघडं पडलेलं. दोन्ही टोकांना दोरे लोंबत होते. आणि घामाचा वास येत होता.

"हा असा फोटोपुढे ठेवायचा?" मी बायकोला म्हणालो. "लोक म्हणतील, सोसायटीला सरांसाठी एक धड बेल्ट मिळाला नाही."

"वहिनींना विचारा एकदा."

"विचारलं तर त्या म्हणतील, राहू द्या भाऊजी, कशाला उगाच. त्यांचा स्वभाव माहितीय ना तुला?"

"तरी विचारा."

मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना भाईंदर पश्चिमेच्या बाजारात एका रंगाऱ्याकडे गेलो. तो साड्या आणि जीन्स रंगवून देतो. त्याने बेल्ट हातात घेऊन उलटा-सुलटा केला.

"सेठ, ये तो पूरा घिसा हुआ है. नया ले लो ना, सस्ता पड़ेगा."

"नया नहीं चाहिए. यही चाहिए. बस नए जैसा कर दो."

"पहले उबालना पड़ेगा, तभी रंग पकड़ेगा."

"उबालो," मी म्हणालो.

शेजारच्या टेलरकडून टोकांचे दोरे कापून तिथे दुमड घालून शिवून घेतली. रंगाचे आणि शिलाईचे मिळून दोनशे ऐंशी झाले. इस्त्री त्याने फुकट केली. घरी येताना मी खूश होतो. बेल्ट काळाभोर झाला होता, पट्टीसारखा सरळ.

कार्यक्रमात चेअरमन बोलले, सेक्रेटरी मॅडम बोलल्या, मुलांनी प्रात्यक्षिक केलं. मग मी माईकवर वहिनींना आणि ताईला स्टेजवर बोलावलं. सरांचा मोठा फोटो, झेंडूचा हार, खाली तबकात लाल कापडावर बेल्ट. समोर मुलं टाचांवर बसली होती, सरांनी शिकवल्याप्रमाणे, पाठ ताठ.

वहिनींनी तबकाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"हा नाही, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. पण माईक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं.

"तोच आहे, वहिनी!" मी माईकमध्येच म्हणालो. "तोच. रंगवून घेतला. टोकंपण शिवून घेतली. दोनशे ऐंशी रुपयांत एकदम नवा!"

मागच्या रांगेत दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमन "वा, वा" म्हणाले. मुलांपैकी एकही हललं नाही. चाळीस मुलं एकदम गप्प बसतात तेव्हा हॉलमधल्या पंख्यांचा आवाज येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

वहिनींनी बेल्ट उचलला. क्षणभर नाकाशी नेला. मग खाली घेतला आणि दोन्ही हातांनी ताईपुढे धरला. ताईने कमरेत वाकून तो घेतला. बेल्ट बांधताना किंवा नीट करताना समोरच्यांकडे पाठ करायची, ही त्यांच्यातली रीत आहे, तशी तिने पाठ केली. आम्ही थांबलो. ती बराच वेळ पाठमोरी होती. तिचे कोपर हलताना दिसत होते. मी माईक हातात घेऊन उभा होतो, पुढे आभारप्रदर्शन होतं, आणि मी मनात वडे गार होतील याचा विचार करत होतो.

ती वळली तेव्हा तिच्या कमरेला तिचा स्वतःचाच बेल्ट होता. सरांचा बेल्ट घडी करून हातात.

"आज नको, काका," ती मला म्हणाली आणि खाली उतरून मुलांच्या रांगेत जाऊन बसली.

मी आभार मानले. मंडपवाल्याचेही मानले.

मला खरंच काही समजलं नव्हतं. समजलं ते सोमवारी सकाळी, आता मोठी होऊन पुण्यात राहणाऱ्या मुलीचा फोन आला तेव्हा. क्लासच्या ग्रुपवर कोणीतरी व्हिडिओ टाकला होता.

"बाबा, सरांचा बेल्ट काळा कसा काय?"

मी सांगितलं. उकळण्यापासून इस्त्रीपर्यंत सगळं.

"उकळला?" ती म्हणाली.

"हो. त्याशिवाय रंग धरत नाही, म्हणाला रंगारी."

"बाबा, आईने माझा बेल्ट एकदा मशीनमध्ये टाकला होता. मी दोन दिवस जेवले नव्हते. आठवतंय?"

"आठवतंय. हट्टी होतीस."

"हट्टी नव्हते. बेल्ट धुवत नाहीत. बाकी सगळे कपडे धुवायचे, बेल्ट नाही. तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं मी. सरांचा बेल्ट पांढरा व्हायला किती वर्षं लागली, माहितीय? रोज बांधून-सोडून झालाय तो तसा. मी क्लासला आले तेव्हा बराचसा काळा होता. ताईने तर पूर्ण काळा असलेला बघितलाय. नवीन पोरं विचारायची, सर, तुमचा बेल्ट जुना झाला, दुसरा घ्या ना. तर सर म्हणायचे, अरे, आत्ता कुठे बांधण्यासारखा झालाय." तिचा आवाज बदलला. "आणि तुम्ही माईकवरून किंमत सांगितलीत, बाबा."

मी गेली सत्तावीस वर्षं हिशेब लिहितोय. वस्तू वापरली की तिची किंमत उतरते आणि दरवर्षी तेवढी रक्कम वजा करायची, हे मी झोपेतही करू शकतो. एखादी वस्तू झिजत जाईल तशी तिची किंमत चढत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. पण हे कारण मी इथे माझ्या बचावाला सांगत नाही. कारण माहीत नसणं ही रविवारची गोष्ट झाली. बुधवारी मला सगळं माहीत होतं.

बुधवारी कमिटीची मीटिंग होती. चेअरमन हार्डवेअरच्या दुकानाचे मालक, स्पष्ट बोलणारे गृहस्थ.

"हे बघा भाई, छोकरीने सगळ्यांसमोर बेल्ट बांधला नाही. पॅरेंट्स मला विचारतायत. सरळ गोष्ट आहे, तिला जबाबदारी नको आहे. ठाण्याच्या एका अकॅडमीवाल्याचा फोन आलाय. त्याचे दोन कोच येतील. वर हॉलचं महिन्याला सहा हजार भाडं देतो म्हणतो."

"तिला विचारलं का कोणी?" सेक्रेटरी मॅडम म्हणाल्या.

"विचारायचं काय त्यात? डोळ्यांनी बघितलं ना आपण." मग माझ्याकडे वळून, "काय खजिनदार, वर्षाचे किती होतात?"

"बहात्तर हजार," मी म्हणालो.

त्या मीटिंगमध्ये मी बोललो ते एवढंच. तिने बेल्ट का बांधला नाही हे मला माहीत आहे असं मला वाटत होतं: मी तो बिघडवला म्हणून. तेवढं म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य म्हटलं की सगळे माझ्याकडे बघणार होते, आणि माईकवरचे दोनशे ऐंशी रुपये पुन्हा निघणार होते. त्यापेक्षा बहात्तर हजार म्हणणं सोपं होतं. पुढच्या रविवारी पालकांना बोलावून अकॅडमीचं नक्की करायचं ठरलं. चहा झाला. मी चहाचे पैसे दिले आणि घरी आलो.

बायकोने विचारलं, "सांगितलंत का?"

"विषय निघाला नाही."

तिने ताट वाढलं आणि ती उठून आत गेली. इतक्या वर्षांत तिने मला एकट्याला जेवायला बसवल्याचं मला आठवत नाही.

शनिवारी दुपारी स्कूटर काढून मी राईला गेलो. ताईचं घर खाडीच्या अंगाला, जुनं कौलारू, आणि त्याला खेटून चार मजल्यांची नवी इमारत. तिची आई ओट्यावर मासळी साफ करत बसली होती.

"कोन? सोसायटीचं? या, बसा. ती न्हाय आली अजून." मग विळीवरून मान वर करून, "तुमी तिला काय बोललाव का? त्या दिसापासून गप हाय. जेवते, कामाला जाते, पन बोलत न्हाय. तिचा बाप बोलतो, बरा झाला, आता लगीन बघू. मी काय बोलू त्याला?"

मी पाणी प्यायलो.

ताई आली ती हेल्मेट हातात घेऊनच.

"काका? भाडं भरलंय मी या महिन्याचं."

हे सांगायला हवं: हॉलचं महिन्याचं पाचशे रुपये भाडं सर भरायचे, आणि ते गेल्यावर ती भरत होती. पावती मी फाडायचो.

"भाड्यासाठी नाही आलो. माझं चुकलं ते सांगायला आलोय. बेल्टचं."

"हं."

"मला माहीत नव्हतं गं."

"ते कळलं मला. पण काका, विचारायचं ना. भाड्याला एक दिवस उशीर झाला तर तुमचे दोन फोन येतात. नंबर होता तुमच्याकडे."

तिची आई आतून "हळू बोल" म्हणाली. ती हळूच बोलत होती.

"तू बांधला नाहीस ते बरोबरच केलंस," मी म्हणालो. "मी तुझ्या जागी असतो तर मीही नसता बांधला."

तिने नकारार्थी मान हलवली.

"मी बांधत होते, काका. बसत नव्हता. उकळून आखूड झालाय, त्यात टोकं कापलीत तुम्ही. आणि इस्त्री करून एवढा कडक, की गाठच धरत नव्हती. तीनदा बांधला, तीनदा सुटला. पाठ होती म्हणून कोणाला दिसलं नाही. पोरांसमोर वळले असते आणि बेल्ट खाली पडला असता तर? म्हणून माझा बांधला."

मी मागून बघत होतो ती हीच हालचाल. तिचे कोपर. आणि मी वड्यांचा विचार करत होतो.

"सगळ्यांना वाटतंय तू नाही म्हणालीस," मी म्हणालो. मग उरलेलंही सांगितलं, अकॅडमी, दोन कोच, सहा हजार. आणि मीटिंगमध्ये मी गप्प बसलो ते.

ती पायरीवर बसली. हेल्मेट मांडीवर. तिने हेल्मेटचा पट्टा लावला, काढला.

"सर असताना मी बारा वर्षं रोज पोरांना वॉर्मअप दिला, काका. दुसरं काही मागितलं नाही मी. आणि तुम्ही हे मला कशाला सांगताय? मला माहीत आहे काय झालं. जिथे गप्प बसलात तिथे सांगा."

निघताना तिच्या आईने कागदात बांधून मासळी दिली. मी नको म्हणत होतो. त्यांनी स्कूटरच्या डिकीत टाकली.

तिथून मी वहिनींकडे गेलो. उशीर केला तर पुन्हा माझा पाय निघणार नाही, हे मला स्वतःबद्दल आता कळलं होतं. त्यांची मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या, भाऊजी." मी बायकोला बढाईने सांगितलं होतं की वहिनी असंच काहीतरी म्हणतील, म्हणून विचारायला नको. तसंच म्हणाल्या. त्याचा अर्थ मात्र मी तेव्हा धरला होता तो नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ते कापलेले दोरे आहेत का हो कुठे?"

मी तसाच भाईंदरला गेलो. टेलर दुकान बंद करत होता. "साहेब, कचरा रोज जातो," तो म्हणाला. रंगाऱ्याला विचारलं, रंग काढता येईल का. "निकल जाएगा. लेकिन कपड़ा भी निकल जाएगा," तो म्हणाला. वहिनींना मी फोन करून सांगितलं. त्या बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रविवारी हॉलमध्ये पन्नासेक पालक होते. अकॅडमीचा माणूस ट्रॅकसूट घालून, छापील पत्रकं घेऊन आला होता. चेअरमननी प्रस्ताव मांडला. मी हात वर केला. माईक होता, पण मी घेतला नाही.

बोलताना मी सगळं उलटसुलट सांगितलं. आधी रंगारी, मग टेलर, मग पुन्हा वहिनी. "ताईने नाही म्हटलं नाही. ती बांधत होती. मी केलेल्या उद्योगामुळे गाठ बसली नाही. हे मला कालच कळलं, पण बेल्टचं वाटोळं मी केलं हे बुधवारच्या मीटिंगमध्येही माहीत होतं आणि मी बोललो नाही."

"अरे भाई, जाऊ दे ना," चेअरमन म्हणाले. "दोनशे ऐंशी रुपयाची गोष्ट."

कोणीतरी हसलं. मी म्हणालो, "हो, मीच सांगितली होती किंमत. माईकवरून." मग खाली बसलो.

पहिल्या मजल्यावरच्या गुजराती भाभींनी विचारलं, "तो दीदी पढ़ाएँगी ना?" सगळे दाराकडे बघायला लागले. ताई दाराशी उभी होती. क्लासची वेळ झाली होती म्हणून आली होती, कपडे बदलून. "हाँ," ती म्हणाली. "साढ़े छह हो गए. हॉल खाली करेंगे प्लीज़?"

हात वर करून मत घेतलं. ताईच्या बाजूने जास्त निघाले, पण सगळे नाही. अकॅडमीने दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या सोसायटीत क्लास काढला आणि आमच्याकडची सात मुलं तिकडे गेली. त्यातल्या दोन मुलांचे आईवडील मला आजही लिफ्टमध्ये सांगतात की तुम्ही त्या दिवशी उगाच भावनेच्या भरात बोललात. मी माझ्या मजल्यावर उतरतो.

ताई स्वतःचाच बेल्ट बांधते. सरांचा बेल्ट तिने वहिनींना परत नेऊन दिला. त्या दोघींत काय बोलणं झालं मला माहीत नाही, आणि ते विचारण्याचा हक्क मला आहे असं वाटत नाही. संध्याकाळी ऑफिसातून येताना हॉलवरून जावं लागतं. नवी मुलं असली की चटईवर धपाधप पडत असतात आणि ती "हात नको टेकू" म्हणत फिरत असते. मुलं मला बघून गप्प होत नाहीत. आधी मला वाटायचं, होतील.

त्या महिन्याच्या शेवटी कमिटीपुढे मी हिशेब ठेवला. मंडप, खुर्च्या, साउंड, फोटो, हार, वडे आणि चहा मिळून पंधरा हजार दोनशे पन्नास. रंगाई आणि शिलाई मी 'सन्मानचिन्ह दुरुस्ती' म्हणून लिहिली होती, ती ओळ खोडली आणि ते पैसे माझ्या खिशातून गेले. शिलकीतून हॉलमध्ये सरांच्या नावाची पितळी पाटी करायचं आधी ठरलं होतं. सेक्रेटरी मॅडम म्हणाल्या, पाटी नंतर करू, आधी शिकवणारीला काहीतरी द्या, सरांना आपण कधी दिलं नाही. चेअरमननी विरोध नोंदवायला सांगितला, तो नोंदवला. हॉलचं भाडं पुढच्या महिन्यापासून बंद झालं. शिल्लक तेरा हजार एकशे पन्नास रुपये, मानधन म्हणून, चेकने, क्लासच्या शिक्षिकेला दिले. चेक द्यायला मी स्वतः गेलो. देण्याआधी तिला फोन करून विचारलं होतं, कधी येऊ.